माझ्या पोटातला एकुलता एक चहा

मित्रांनो, मी एक जुना, रुंद तोंडाचा थर्मास आहे. पत्र्याचं निळं अंग, आत काचेचं भांडं आणि वर घट्ट झाकण. धुळ्याच्या एका प्रयोगशाळेत, कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर मी पडून असतो. कुणी कपाट उघडलं की उगाच आशेनं खाली बघतो.

जळगावच्या दुकानात माझ्या शेजारचे थर्मास एकेक करून गेले. कुणी लग्नाच्या आहेरात, कुणी सहलीला. सगळ्यांच्या नशिबी चहा. मला मात्र १९८६ साली डॉक्टर सुनंदाबाईंनी घेतलं आणि माझ्या पोटात बर्फ भरला. त्या बर्फात काय, तर आजारी तान्ह्या लेकरांच्या शीच्या बाटल्या! तोंड कुठे लपवू, असं झालं मला.

सुनंदाबाई संशोधन करत. दर हिवाळ्यात अमळनेरकडच्या खेड्यांत तान्ह्या मुलांना जुलाब लागत आणि दोन-तीन दिवसांत लेकरू सुकून जाई. बायका म्हणत, "दात यी राह्यनात." वर त्याचं पाणीही तोडत. "पानी पाजं ते हागवण वाढस." बाई म्हणत, हा दातांचा दोष नाही, न दिसणारा जंतू आहे. पण नुसतं म्हणून भागत नाही, पुरावा लागतो. तो माझ्या पोटात गार राहूनच धुळ्याला पोचायचा होता.

एसटीत कुणीतरी विचारायचंच, "काय शे यामा, अक्का?" बाईंना खोटं बोलता येत नसे. "लेकरांची शी आहे, भाऊ. तपासायला नेतेय." शेजारचा माणूस उठून थेट मागे जाऊन उभा राही. गाडी खच्चून भरलेली आणि आमच्या बाकावर जागा रिकामी! बाई खिडकीतून कपाशीची शेतं बघत बसत. बोलायला कुणी नसलं की माझ्या झाकणावर बोटांनी ताल धरत. आम्ही एकमेकांना दोघंच होतो.

तीन हिवाळे कधी बर्फ वितळला, कधी गाडी बंद पडली आणि नमुने वाटेतच खराब झाले. चौथ्या वर्षी प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांनी बजावलं, "या साथीत नमुने आले नाहीत तर काम बंद." साथ आली ती एकाच गावात, आठवडाभर. बाईंनी त्या गावात खोली घेऊन, रोज बर्फ बदलून नऊ बाटल्या जमवल्या. नववी तिथल्याच यशोदाबाईच्या तान्ह्या भटूची. भटू इतका सुकला होता, की त्याला रडायलाही येत नव्हतं. बाई सकाळपासून त्याला चमच्याचमच्यानं मीठ-साखरेचं पाणी पाजत बसल्या. दुपारी तो रडला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. यशोदाबाई तर हसायचं की रडायचं तेच विसरली.

मला तिच्या ओसरीवर ठेवून बाई घाईनं दुसरं एक लेकरू बघायला गेल्या. "याला हात लावू नका," असं सांगायचं तेवढं राहिलं. चार वर्षांत कधी राहिलं नव्हतं.

यशोदाबाईनं मला उघडलं आणि तिचा जीव कळवळला. एवढी मोठी डॉक्टरीण आणि ही घाण वागवते! तिनं एकेक बाटली रिकामी केली, राखेनं घासली, उन्हात पालथी घातली. मी आतल्या आत ओरडत होतो. मग मला विसळून तिनं काठोकाठ चहा भरला.

बाई परत आल्या. यशोदाबाई हसून म्हणाली, "अक्का, बठ्ठं चकचकीत करी दिधं. कोनं भांडं रिकामं देतस का? ऊन ऊन चहा भरेल शे."

बाई बाटल्यांकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता कडाडतील. पण त्यांनी आधी पिशवीतला साबण काढला आणि तिला हात कोपरापर्यंत धुवायला लावले, बाटल्या रिकाम्या केल्या ती जागाही साफ करवली. मग म्हणाल्या, "वास फक्कड येतोय. गाडीत घेते."

त्या दिवशी गाडीत शेजारी एक म्हातारे नाना येऊन बसले. "चहा शे का, अक्का?"

"आहे, नाना. पण पिण्यासारखा नाही."

बाईंना कंजूष समजून नाना तोंड फिरवून बसले. जन्मभर आजार वाहिलेल्या भांड्यातला चहा बाई पिणार कशा? आणि टाकवेना. धुळ्यापर्यंत मला मांडीवर धरून त्या गप्प रडत होत्या. चहा ऊन ठेवण्यात मी माझ्याकडून काही कमी केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो मोरीत ओतला, तेव्हाही त्यातून वाफ येत होती.

साथ ओसरली आणि काम बंद झालं. मी फळीवर गेलो. यशोदाबाईला बाईंनी शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही. पुढच्या हिवाळ्यापासून त्या रजा टाकून त्याच गावांत जाऊ लागल्या, आयांना चमच्यानं पाणी पाजायला शिकवायला. भटू शाळेत जातो, असं त्या एकदा इथे कुणाला तरी सांगत होत्या.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू मायेनं घासायला घेतलीत, तरी आधी एकदा विचारा. आणि भरल्या गाडीत कुणाच्या शेजारची जागा रिकामी दिसली, तर तिथे जाऊन बसा.

बाईंच्या शेजारी आता कुणी ना कुणी बसत असेल. मी बरोबर नसतो ना.