सात जणांचे कडे

मित्रांनो, एका पत्राचे उत्तर नऊ दिवस रखडले होते, त्याची ही हकिकत. मला ती नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे.

मी एक जुना विषकण आहे. माझा जन्म एका जिवाणूच्या पोटात झाला. मला डोळे नाहीत, राग नाही. एकटा मी कोणाचेच काही बिघडवू शकत नाही. पण पेशीच्या पातळ आवरणावर टेकलो की चाचपडत दुसरा येतो, तिसरा येतो. सात जण जमले की आमचे गोल कडे तयार होते. मग आमचे पाय आपोआप खाली सरकतात आणि आवरणाला आरपार भोक पडते. पाणी आत शिरते, पेशी फुगते, फुटते. आवाज होत नाही. आम्ही तसेच हात धरून उभे असतो.

मला वाळवून प्रयोगशाळेतल्या एका कुपीत ठेवले आहे. इतर विषांची परीक्षा माझ्याशी ताडून होते.

पत्र परगावच्या एका डॉक्टरबाईंचे होते. सोबत जिवाणूंचा नमुना. ‘भाचीला पुन्हा पुन्हा गळवे येतात, आता ताप उतरत नाही. हे जिवाणू विष बनवतात का? बनवत असतील तर औषध बदलते.’

प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांनी तीन नळ्यांत रक्तपेशी कालवल्या. एकीत माझे भाऊबंद, दुसरीत नमुन्याचा रस, तिसरीत काहीच नाही. पेशी शाबूत असतील तर नळी गढूळ दिसते, फुटल्या तर नितळ लाल. मिनिटभरात तिन्ही नितळ झाल्या! तिसरीत तर आमच्यापैकी कोणीच नव्हते. सरांनी आणखी दोनदा करून पाहिले. तेच.

“सर, उत्तर कधी लिहिणार?” मदतनीस ताईंनी विचारले.

“काय लिहू? माझ्याच हातून विषाचा थेंब सांडला असेल.”

“तीनदा? तुम्ही तर चहासुद्धा सांडत नाही.”

ताईंनी पेशी कालवायच्या मिठाच्या पाण्याचा एक थेंब काचेवर तापवला. थेंब आटला, मागे डागही उरला नाही.

“यात मीठच नाही! बाटली कोणी भरली?”

“मीच,” सर पुटपुटले. “वाचता वाचता.”

“मग मीठ पुस्तकात पडलं असेल.”

साध्या पाण्यात पेशी पाणी पिऊन आपोआप फुटतात. नव्या मिठाच्या पाण्यात तिसरी नळी गढूळच राहिली. माझ्या भाऊबंदांची नितळ झाली. मग सावकाश दुसरीही. मला दिसत नाही, पण त्या शांततेवरून मी ओळखले: आपलीच माणसे.

मित्रांनो, आम्ही दुष्ट नाही, पण आम्हाला थांबता येत नाही. म्हणून जखम स्वच्छ धुऊन झाकून ठेवा, गळू पिळू नका, आणि कोणी घाबरून काही विचारले तर उत्तराला उशीर लावू नका. या घटकेलाही त्या मुलीच्या अंगात कुठेतरी सहा जण जमले असतील आणि सातवा चाचपडत येत असेल.

सरांनी तीनच ओळी लिहिल्या. ‘होय, बनवतात. औषध आजच बदला. उशीर माझ्या चुकीने झाला.’ शेवटची ओळ त्यांनी खोडली, पुन्हा लिहिली, आणि भर पावसात छत्री न घेताच पत्र टाकायला टपालकचेरीकडे निघाले. परत आले तेव्हा हात रिकामे होते.