पुसल्याची खात्री

सल्ला केंद्रातले सहा जुने कॉम्प्युटर शाळेला द्यायचं ठरलं तेव्हा सगळे खूश झाले. नोंदी ठेवणाऱ्या ताईंना मात्र त्यातल्या नोंदींची काळजी लागली. घरच्या माराला, धाकाला कंटाळून आलेल्या बायका त्यांच्यासमोर बसून बोलायच्या आणि ताई शब्द न् शब्द टाइप करायच्या. अकरा वर्षांत त्यातलं एक वाक्यही त्यांनी स्वतःच्या नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

दुरुस्तीवाल्याच्या खिशात कायम चार-पाच स्क्रू ड्रायव्हर असत, म्हणून सगळे त्याला पेचकसच म्हणत. त्याने अर्ध्या तासात हात झटकले.

"झालं ताई. सगळं फॉरमॅट केलंय."

"परत काही निघणार नाही ना?"

"कोण काढत बसतंय?"

"कोण काढेल ते नाही विचारलं. निघेल का, ते विचारलं."

पेचकस हिरमुसला, पण माणूस सरळ होता. पुसलेल्या फायली शोधणारा प्रोग्राम त्याने एका मशीनवर चालवला. थोड्याच वेळात पडद्यावर नावांची रांग लागली. त्याने मधलीच एक फाइल उघडली. 'मुलीला घेऊन निघाले तेव्हा पायात चप्पल नव्हती...' एवढंच वाचून त्याने ती बंद केली.

"फॉरमॅट म्हणजे नुसती अनुक्रमणिका फाडणं," तो शेवटी म्हणाला. "पानं तशीच राहतात. मला ठाऊक होतं, ताई. आळस केला."

मग खरं काम सुरू झालं. डिस्कच्या कानाकोपऱ्यात शून्यं लिहायची आणि काही उरलंय का ते पुन्हा शोधायचं. एकेका डिस्कला तीन-चार तास. ताईंनी शेजारी खुर्ची ओढली.

"राखणीला बसलात की शिकायला?"

"दोन्ही."

दुसऱ्या दिवशी दोन डिस्क त्यांनी स्वतःच पुसल्या. सहावी मात्र अडून बसली. तिचा काही भाग खराब होता, तिथे शून्य उमटेना. पेचकसने ती बाहेर काढली, ड्रिलने आरपार भोकं पाडली, आतल्या तबकड्यांचे तुकडे केले आणि तिच्या जागी दुकानातली नवी डिस्क बसवली.

कॉम्प्युटर पोचवायला ताई स्वतः शाळेत गेल्या. तिथे कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईंनी पहिलं खोकं उघडलं. मशीनवरची केंद्राची चिठ्ठी पाहून त्यांचा हात थांबला. वर्गातल्या मुलींना त्यांनी बाहेर थांबायला सांगितलं.

"ताई, मला ओळखलंत? आठ वर्षांपूर्वी आले होते तुमच्याकडे. माझं ते सगळं..."

ताईंना चेहरा आठवला. "तुमची नोंद केंद्रात कुलपात आहे. यात काही नाही. एकूण एक डिस्क तपासलीय."

"नक्की?"

"मी सांगते म्हणून मानू नका. बघा."

ताईंनी सोबतच्या पेनड्राइव्हवरून फायली शोधणारा तोच प्रोग्राम चालवला. दोघी शेजारी बसून राहिल्या. तासाभरात बाहेरच्या मुलींची चुळबुळ वाढली, तरी बाई पडद्यावरून नजर हलवेनात. शोध संपला. यादी रिकामी होती. बाईंनी सुस्कारा सोडला आणि डोळे पुसले.

"हे माझ्या मुलींना शिकवाल?"

"मी? अहो, मी परवा शिकलेय."

"म्हणूनच. तुम्हाला कुठे अडतं ते अजून लक्षात असेल."

पुढच्या गुरुवारी ताई शाळेत गेल्या. पेचकसलाही त्यांनी सोबत नेलं. तो मागच्या बाकावर बसला आणि ताई दोनदा चुकल्या तरी गप्प राहिला.