थोरलीच्या गालातला धागा

मी बोलतोय तो एका बाईच्या उजव्या गालातून, त्यामुळे आवाज जरा दबका येईल, सांभाळून घ्या. मी एक धागा आहे. पण शर्टाचं बटण लावणारा धागा समजलात तर मला राग येईल! जखमेचे जे टाके काढावे लागत नाहीत, आपसूक विरघळतात, ते माझे भाऊबंद. माझ्या अंगावर डोळ्यांना जेमतेम दिसतील असे काटे आहेत. एकदा धरलं की सोडायचं नाही, हा आमच्या घराण्याचा बाणा.

यंत्रावर जन्मलो आणि एका पोकळ सुईत शिरून पाकिटात बंद झालो. दवाखान्याच्या कपाटात कितीतरी दिवस पडून होतो. इथेच मुदत संपणार, असं वाटू लागलं होतं. मग एका दुपारी ती आली.

ती चष्म्याचं दुकान चालवते, जुळ्या बहिणीबरोबर. ही काही मिनिटं आधी जन्मली म्हणून थोरली, ती धाकटी. नवऱ्याच्या लांबलेल्या आजारपणात थोरलीचे गाल उतरले. नवरा खडखडीत बरा झाला, गाल काही परत आले नाहीत. एकदा एक गिऱ्हाईक तिच्यादेखत धाकटीला म्हणालं, "काल तुमच्या आईंनी मला ही फ्रेम दाखवली होती." दुकानात जिकडे तिकडे आरसे. तोंड लपवायचं तरी कुठे?

"मला तरुण नाही व्हायचं हो," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "फक्त बहिणीची बहीण दिसायचंय."

"आधी नीट ऐका. धाग्यांनी गाल वर ओढायचे, हे ऑपरेशन नाही, त्यामुळे ऑपरेशनइतका फरकही पडणार नाही. थोडा उठाव येईल, वर्षभर टिकेल, कमीजास्त. सूज येईल, काळंनिळं पडेल. एखादी खळीही पडेल."

"कुठे?"

"नको तिथे."

थोरली हसली आणि तयार झाली. बाईंनी तिला ताठ बसवून गालावर पेनाने रेघा आखल्या, कानशिलाजवळ भूल दिली आणि सुई आत सरकवली. सुई बाहेर आली, मी आत राहिलो. बाईंनी मला ओढलं तसे माझे काटे रुतले आणि गाल वर आला. बाहेर उरलेलं टोक त्यांनी कापलं. माझ्यासारखे आणखीही होते दोन्ही गालांत, पण सगळ्यात जास्त भार माझ्यावर होता. हे मीच सांगतोय, तरी खरं आहे.

मग पथ्यं. उताणं झोपायचं, गाल चोळायचे नाहीत, मोठा घास घ्यायचा नाही. आणि काही आठवडे खळखळून हसायचं नाही, नाहीतर धागा सुटेल.

इथेच घोडं अडत होतं. धाकटीचा जन्मच मुळी थोरलीला हसवायला झालेला. म्हणून थोरलीने दाढेचं निमित्त सांगून आठवडाभर सुट्टी काढली. बहिणीला खरं सांगायची तिला लाज वाटली.

सूज उतरल्यावर ती दुकानात गेली आणि दारातच थबकली. धाकटीचं डोकं पांढरंशुभ्र! केस रंगवणं तिने कधीचंच सोडलं होतं, थोरलीला तो आळस वाटला होता. आता तर रंगवलेले सगळे केस कापूनच टाकले होते.

"अगं, हे काय केलंस?"

"माझं राहू दे. तुझ्या गालांना काय झालंय?"

उत्तर द्यायच्या आत तेच गिऱ्हाईक आत आलं. नवा चष्मा नाकावर चढवून त्याने दोघींना निरखलं आणि धाकटीला आदराने म्हणालं, "काकू, तुमची मुलगी अगदी तुमच्यावर गेलीय हो!"

धाकटीने चेहरा जराही हलू दिला नाही. "दादा, बसा. तुमचा नंबर पुन्हा तपासू."

थोरलीने ओठ आवळले, काउंटर धरला, आणि फुटली! असं हसू मी जन्मात पाहिलं नव्हतं. सगळा गाल माझ्यावर कोसळला. काटे कळवळले, पण मी धरून राहिलो.

"आई गं, माझा धागा!" असं ओरडत ती हसत होती. मग तिने सगळं सांगून टाकलं.

"वेडी आहेस," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "तू एकटीच म्हातारी दिसायला लागलीस, ते मला बघवेना. म्हणून मी केस रंगवणं सोडलं."

त्या हसण्याने माझ्यापाशी एक खळी पडली, नको तिथेच. काही दिवसांनी ती आपोआप भरली.

आता मी विरघळत चाललोय. माझ्याभोवती गालाने स्वतःची नवी वीण धरली आहे, ती माझ्यामागे काही काळ टिकेल. मग गाल पुन्हा उतरतील, त्याला माझा इलाज नाही. पण त्या दिवशी मी सुटलो नाही, हे कुणीतरी लक्षात ठेवावं, एवढंच मागणं.

काल तपासणीला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पुढच्या वर्षी पुन्हा धागे घालायचे का?"

थोरली मोकळेपणाने हसली. मला आता ताण सोसायचा नव्हता, नुसतं ऐकायचं होतं.

"बहिणीला विचारून सांगते," ती म्हणाली.