पत्रिकेची वाढ

"लग्नाची पत्रिका आण श्रीहरी, त्याच महिन्यात वाढ देतो," नारायणस्वामी सार हसून म्हणाले. "एकट्या माणसाला कसला आलाय खर्च?"

चेन्नईत अड्यारच्या आमच्या नकाशे काढण्याच्या ऑफिसात हीच रीत. पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळद लावून ती सारांच्या टेबलावर ठेवायची, की पगार वाढलाच. ज्या कौशिकला मी पेन्सिल धरायला शिकवलं, त्याचा पगार लग्नानंतर माझ्यापुढे गेला. दोन हजार तीन साल ते. माझं वय बेचाळीस. आम्ही तंजावरकडचे मराठी, वरच्या माणसाशी भांडणं आम्हाला जमत नाही. पण मी एकटा नव्हतो हो! तेच तर सांगायची सोय नव्हती.

दिनकर साताऱ्याचा, आमच्याच ऑफिसातला. तिरुवल्लिकेणीच्या मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजमध्ये, नऊ वर्षं आम्ही एका खोलीत राहत होतो. लोकांच्या लेखी रूममेट, आमच्या लेखी संसार. मला वाढ मिळाली की छोटंसं वेगळं घर भाड्यानं घ्यायचं, असं ठरलं होतं.

"सारांना सांगूनच टाकू का आपलं?" त्या संध्याकाळी मी विचारलं.

"येडा झालास काय? दोघांच्याही नोकऱ्या जातील." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "आईनं मुलगी बघितलीय, श्री. मी हो म्हणालोय. दमलो रे मी लपून लपून."

मी भांडलो, नाही नाही ते बोललो, पाया पडायचाच काय तो राहिलो. तो नुसता रडत होता.

महिन्याभरात त्याची पत्रिका सारांच्या टेबलावर आली, आणि त्याला वाढही मिळाली. लग्नाला मी गेलो नाही. ताप आलाय म्हणून कळवलं.

तो बायकोला घेऊन दुसरीकडे राहायला गेला, तेव्हा सारांनी मला आत बोलावलं.

"रूममेट गेला ना? आता सगळं भाडं तुझ्यावरच. पुढच्या महिन्यापासून तुलाही वाढ देतो."

माणूस वाईट नाही, खरंच.

जागेवर येऊन बसलो आणि मला रडू कोसळलं. चांगला बाप्या माणूस, सगळ्यांदेखत हुंदके देत होतो. समोरच्या टेबलावर दिनकरनं मानही वर केली नाही. टायपिस्ट कृष्णवेणी पाणी घेऊन धावत आली.

"अय्यो, पगार वाढला म्हणून एवढा आनंद?"

सगळे हसले. "अण्णा, कॉफी तुमच्याकडून!" कौशिक ओरडला.

मी डोळे पुसले आणि खालच्या हॉटेलला फोन करून आठ कॉफी सांगितल्या. त्यातल्या एकीत साखर कमी, हेही मीच सांगितलं. दिनकरला गोड चालत नाही.