भाऊजींची गाडी बाजारालाच का तापते

धाकटीच्या गॅरेजमध्ये आली की भाऊजींची डिझेल गाडी कशी गुणी बाळासारखी वागायची. गाद्यांच्या ओझ्यासकट चढ चढून दाखवायची, तापमानाचा काटा जागचा हलायचा नाही. आणि भाऊजी बाजाराला निघाले रे निघाले, की अर्ध्या चढावर काटा लाल पट्ट्यात, इंजिनातला दम गायब, मागे हॉर्नचा कलकलाट आणि भाऊजींचा फोन. "बसली गं तुझी लाडकी."

लाडकी तर होतीच. वडील गेल्यावर गॅरेज धाकटीकडे आलं आणि गाडी ताईच्या गाद्यांच्या दुकानाला गेली. पण धाकटी गाडी चालवायला शिकली ती हिच्यावरच, वडिलांच्या शेजारी बसून, त्यांची बोलणी खात. आता भाऊजींनी गिऱ्हाईक बघितलं होतं. ते रविवारी येणार, त्याआधी दोष सापडला नाही तर गाडी जाणार. धाकटीचा जीव तुटत होता, आणि मनातल्या मनात ती भाऊजींना शिव्या हासडत होती.

तिने काही म्हणून पाहायचं बाकी ठेवलं नाही. थर्मोस्टॅट बदलला, पाण्याचा पंप उघडला, पंखा, डिझेलचा फिल्टर, टर्बोचे पाइप, सगळं तपासलं. सगळं ठणठणीत. स्कॅनर एवढंच सांगे, की इंजिन तापलं म्हणून गाडीने आपली ताकद आपणच कमी केली. बरं केलंस बाई, पण तापलीस का? त्यावर स्कॅनर मूग गिळून गप्प.

शेवटी ती गाडीसमोर स्टूल टाकून चहा पीत बसली, रुसलेल्या माणसासमोर बसावं तशी. तेव्हा तिला किडे दिसले. बाजाराचा रस्ता शेतांमधून जातो, त्यामुळे मेलेल्या किड्यांचा थर बंपरवर होता, काचेवर होता, दिव्यांवरही होता. पण मधली जाळी, जिच्यातून रेडिएटरला वारा लागतो, तिथे एक भलामोठा चौकोन अगदी स्वच्छ. चारी कोपऱ्यांना तारेचे ओरखडे.

"भाऊजी, जाळी पुसता का हो?" तिने साळसूदपणे विचारलं.

"मी कशाला पुसू?" भाऊजी म्हणाले, आणि त्यांना एकदम कुठलंसं काम आठवलं.

अस्सं काय. पुढच्या बाजाराच्या सकाळी भाऊजी दुकानात असताना धाकटी गाडीच्या मागच्या दाराने आत चढली, गाद्यांच्या थरात शिरली आणि वरून एक गादी ओढून घेतली. नाकात कापूस, शिंक कशीबशी दाबलेली. गाडी गल्लीच्या कोपऱ्यावर वळली आणि थांबली. मागचं दार उघडलं. भाऊजी शीळ घालत होते. त्यांचा हात गाद्यांत शिरला, चाचपडला, आणि धाकटीचा पाय धरून ओढू लागला.

"तो माझा आहे, भाऊजी," गादीखालून आवाज आला. "तुमचं जे काय आहे ते शेजारी टोचतंय मला."

भाऊजी मटकन रस्त्यावरच बसले.

टोचत होता तो पत्र्याचा बोर्ड. वर 'गादीसम्राट', खाली हनुवटीला हात लावलेल्या भाऊजींचा फोटो, मिशा खऱ्यापेक्षा दाट. ताईने तो पाहताक्षणी भंगारात काढायला सांगितलं होतं. "तो चेहरा घरात आहे तेवढा पुरे." पण भाऊजींचा त्यात जीव अडकलेला. मग कोपऱ्यावर यायचं, बोर्ड जाळीवर तारेने बांधायचा, बाजारभर मिरवायचं, आणि गाडी बसलीच तर धाकटी पोचायच्या आत तो गाद्यांत दडवायचा.

"अहो, नाक दाबून चढ चढवता होय तिला?"

"एवढ्याशा पत्र्याने काय होतंय?"

धाकटीने तिथेच बोर्ड बांधायला लावला आणि गाडी चढावर घातली. काटा लाल पट्ट्यात गेला, दम गेला. गाडी थंड होऊ दिली, बोर्ड काढला, पुन्हा तोच चढ. काटा ढिम्म हलला नाही.

"तुझ्या ताईला सांगू नकोस," भाऊजी पडेल आवाजात म्हणाले.

"मी कशाला सांगू?" धाकटी म्हणाली, अगदी त्यांच्याच सुरात.

रविवारी गिऱ्हाईक आलं, गाडीभोवती फिरून टायरांना लाथा मारू लागलं. ताई दारात उभी होती. "काय गं, सापडला का दोष?"

"सापडला की. सांगू का, भाऊजी?"

भाऊजींनी गिऱ्हाइकाकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि घाम पुसला. "गाडी विकायची नाही," ते म्हणाले. "सासऱ्यांची आठवण आहे ती."

ताईचे डोळे भरून आले. नवरा इतकं शहाण्यासारखं बोलू शकतो हे तिला ठाऊकच नव्हतं. धाकटीला हसू दाबवत नव्हतं, आणि तिचेही डोळे ओले झाले होते. गाडी राहिली होती.

तो पत्रा आता गॅरेजमध्ये असतो. गाडीखाली शिरताना धाकटी त्यावर आडवी होते. ताई अधूनमधून डबा घेऊन येते, म्हणून फोटोची बाजू खाली. भाऊजींनी कधी चहा पिता पिता नव्या गाडीचा विषय काढलाच, तर धाकटी पत्रा तेवढा उलटा करून ठेवते.