बेलाखालची ओल

बाळंतिणीनं सव्वा महिना खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, हे सिद्धम्मांनी लेकीला पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं. पण पाच वाजायला आले की जगदेवी कानाला फडकं गुंडाळून, भिंतीला हात लावत लावत अप्पांच्या खोलीत जाऊन बसायचीच. आज बारावा दिवस. आज तर ती साडेचारलाच येऊन बसली होती.

"अगं, वारं लागंल," सिद्धम्मा दारातून म्हणाल्या.

"कुठं हाय वारं, अव्वा? पान हालंना झालंय."

खरंच हलत नव्हतं. औशाच्या त्या आळीत सत्त्याऐंशी सालचा मे महिना तव्यासारखा तापला होता. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवलेली. टँकर तीन दिवसांनी एकदा यायचा, तोही आला तर. आपला लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा चौकात पेढे वाटले होते, त्याला पाच वर्षं होत आली. आळीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या राहिल्या की म्हणायच्या, जिल्हा नवा आला, पाणी मात्र जुन्याच जिल्ह्यात राहिलं वाटतं.

अप्पा, म्हणजे वीरण्णा, औशाच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करायचे. हौस मोठी. सरकारी परीक्षा देऊन त्यांनी बिनतारी यंत्राचा परवाना काढला होता आणि या खोलीत बसून कुठल्या कुठल्या गावच्या माणसांशी हवेतून गप्पा मारायचे. लेकीलाही शिकवलं. लग्नाआधी जगदेवी हैदराबादला जाऊन तीच परीक्षा पास झाली होती. अप्पा जाऊन दोन वर्षं झाली, पण टेबलावर सेट तसाच होता, खाली ट्रकची जुनी बॅटरी होती, आणि सेटच्या शेजारी सोयरा.

सोयरा म्हणजे बिस्किटाच्या डब्याएवढी एक पेटी. अप्पांच्या चुलतभावानं मस्कतहून आणलेली. छपरावरून कडुनिंबापर्यंत ताणलेली तार आणि टेबलावरचा सेट, या दोघांचं पटवून देणं एवढंच तिचं काम. बोलायचं बटण दाबलं की आतली चाकं आपोआप फिरू लागत, घुर्र, घुर्र, आणि जुळलं की टक् करून थांबत. हिरवा दिवा लागे. नाही जुळलं तर लाल.

"हा सोयरीक जमवणारा हाय," अप्पा म्हणायचे. "दोन्हीकडचं पटेस्तोवर फिरतो. पटलं की गप."

पण नुसती वरची तार असून भागत नाही, हेही अप्पांनीच शिकवलं होतं. जमिनीतही पाय हवा. त्यासाठी अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून त्यांनी तांब्याचा पत्रा पुरला होता आणि दर आठवड्याला त्यात दोन बादल्या पाणी ओतायचे. अप्पांमागं ते सिद्धम्मांनी चालवलं, पण शिवरात्रीपासून त्या खड्ड्यानं पाण्याचा थेंब पाहिला नव्हता. पिण्याला नाही, तर खड्ड्याला कुठून? सोयऱ्याची घरघर रोज लांबत चालली होती. परवा तीन फेऱ्यांत जमलं. काल सातव्या फेरीत.

रोज पाचला पलीकडून बोलायचे रेणुकादासकाका. नांदेडला रेल्वेत सिग्नलच्या कामावर होते, अप्पांचे हवेतले जुने दोस्त. जगदेवीचे मालक मन्मथ नांदेडला शाळेत शिक्षक, आणि काकांचं घर त्यांच्या मागच्याच गल्लीत. तीन वर्षांची थोरली गोदू बापाजवळ राहिली होती. तिला इथं आणून पाजायचं काय? तिकडं निदान नळ सुरू होता. रोज पाचला काका गोदूची एक गोष्ट सांगत. आज तिनं खडू खाल्ला. आज मास्तरांच्या चष्म्यावर बसली. त्या एका गोष्टीवर जगदेवी दुसरा दिवस काढायची.

काल मात्र काकांनी सांगितलं होतं, "पोरीला ताप आहे. काळजी करू नकोस." काळजी करू नकोस म्हटल्यावर कोणत्या आईचा डोळा लागतो?

पाच वाजले. खरखरीतून आवाज आला.

"जगदेवी, वीरण्णांच्या लेकी, ऐकते आहेस का? नीट ऐक. गोदूला दुपारी दवाखान्यात ठेवलंय. न्यूमोनिया म्हणतात. डॉक्टर इंजेक्शन सुरू करणार, पण मन्मथराव म्हणाले की मागच्या वर्षी औशात हिला कुठलंसं इंजेक्शन बाधलं होतं. कुठलं ते त्यांना आठवत नाही. ते कळल्याशिवाय डॉक्टर देईनात, आणि फार वेळ न देऊनही चालणार नाही. सहापर्यंत थांबतो म्हणालेत. मन्मथराव इथं माझ्याजवळ उभे आहेत. नाव सांग. ओव्हर."

जगदेवी माइककडं वळली. नाव तिला ठाऊक होतं. पेनिसिलीन. कंपाउंडरनं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, 'पुन्हा कधीही देऊ नये', खाली दोन रेघा मारून. गोदूचे ओठ निळे पडले होते, डोळे सुजून मिटले होते, अर्धा तास पोर हातातून गेल्यातच जमा होती. पण नांदेडला परतल्यावर तिनं नवऱ्याला एवढंच सांगितलं, "इंजेक्शन बाधलं जरा. सुजली होती." खरं सांगितलं असतं तर सासूबाईंनी माहेरी पाठवणं बंद केलं असतं. चिठ्ठी तिनं इथंच, आपल्या ट्रंकेत साडीखाली ठेवली होती.

तिनं बटण दाबलं. घुर्र, घुर्र. सोयरा फिरला, थांबला, पुन्हा फिरला. लाल.

"काका, पेनिसिलीन! पेनिसिलीन देऊ नका!"

माइकची जाळी ओठाला चावली. जमिनीत जायची ती वीज जागा न मिळाल्यानं सेटवरच परत येत होती. तिनं मांडीवरचं बाळ आधी सिद्धम्मांच्या हातात दिलं.

"जगदेवी, तुझं काही ऐकू येत नाही. नुसती खरखर. पुन्हा सांग."

पुन्हा घुर्र. पुन्हा लाल. तिनं तारायंत्राची किल्ली जवळ ओढली आणि कडकट्टच्या खुणांनी एकेक अक्षर ठोकलं. पलीकडून काका म्हणाले, "काहीतरी टिकटिक येतंय, बाळ. पण अक्षरं लागत नाहीत." त्यांच्या मागं कुणीतरी घाईघाईनं बोललं. मन्मथचा आवाज. शब्द कळला नाही, पण घाबरलेल्या माणसाचा आवाज कळायला शब्द लागत नाहीत.

"काय गं, बाळंतीण हायस का लिलाव करून राहिलीस?" शेजारच्या उमाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "समद्या आळीला ऐकू जाऊन राहिलं."

"आळीला जातंय मावशी, नांदेडला न्हाई जात." आणि जगदेवीला रडू फुटलं.

उमाबाईंची जीभ तिखट, पण पाय हलका. ऐकलं तशा पोस्टाकडं पळाल्या. पंधरा मिनिटांत घामाघूम होऊन परत.

"फोन मेलाय. लातूरच्या रोडला खोदून ठेवलंय, तार तुटली. पोस्टमास्तर म्हनला, उद्या बघू."

पाच वाजून पंचवीस. बसनं नांदेड गाठायचं म्हणजे रात्र होणार. जगदेवी उठली, स्वयंपाकघरात गेली आणि पिण्याची कळशी उचलली. घरात तेवढंच पाणी होतं. टँकर परवा.

"अगं ए, खुळी का काय!" उमाबाई मागं धावल्या. "प्यायाचं पानी मातीत?"

सिद्धम्मा बाळाला घेऊन वाटेतून बाजूला झाल्या. नवऱ्याला त्यांनी वर्षानुवर्षं त्या खड्ड्यात पाणी ओतताना पाहिलं होतं. जगदेवीनं कळशी उपडी केली. मातीनं सुस्कारा टाकला, दोन बुडबुडे आले आणि पाणी दिसेनासं झालं. वरची माती नुसती काळी पडली. हातभर खाली सगळं भाजलेलंच होतं.

ती खोलीत आली. बटण. घुर्र, घुर्र, घुर्र. यावेळी चाकं जास्त वेळ फिरली. लाल. आणि बॅटरीवर चालणाऱ्या सेटचा दिवा किंचित पिवळा झाला.

"जगदेवी, पावणेसहा होत आले. मी डॉक्टरांना काय सांगू?" काकांच्या आवाजात आज पहिल्यांदाच रेल्वेच्या माणसाचा ठामपणा नव्हता.

आता पाणीही गेलं आणि बॅटरीही चालली. अजून पाचसहा वेळा सोयरा फिरला की संपलं. ती पुन्हा अंगणात आली. का आली ते तिला ठाऊक नव्हतं. अनवाणी पायांना फरशी पोळत होती म्हणून ती सावलीकडं सरकली, अप्पांच्या बेलाखाली. आणि थबकली.

पाय गार लागला.

तिनं खाली पाहिलं. माती मऊ होती. अंगठा दाबला तर ठसा उमटला. सगळ्या आळीत झाडं झडून गेली होती आणि हा एक बेल हिरवा होता, हे तिनं बारा दिवसांत खिडकीतून पाहूनही पाहिलं नव्हतं.

"अव्वा! हितं ओल कशी?"

"बाळाच्या न्हानाचं पानी," सिद्धम्मा जरा ओशाळल्या. चोरी पकडल्यासारख्या. "तुझं बी. मोरीत कशाला दवडू? रोज लिंगाला पान लागतंय. ह्यांच्या हातचं झाड हाय."

हळदीचं, तेलाचं, साबणाचं पाणी. बारा दिवस, रोज दोन घमेली, एकाच जागी. सोयऱ्याला हवी होती तीच ओल, खोलवर.

"पहार कुठंय?"

सिद्धम्मांच्या ध्यानात यायला क्षणभर लागला. मग त्या बेलाच्या आडव्याच उभ्या राहिल्या. "मुळावर लोखंड? जगू, वर्षाभराचा बेल हाय का त्यो? तुझ्या पाचवीला लावलाय अप्पांनी. मुळाला लागली तर?"

"अव्वा, गोदू…" तिनं कोपऱ्यातली पहार उचलली. ओटीपोटात अशी कळ आली की डोळ्यांपुढं काजवे चमकले.

"सोड! टाकं तुटतील." सिद्धम्मांनी बाळ उमाबाईंच्या कडेवर दिलं, पदर खोचला, गळ्यातलं लिंग एकदा कपाळाला लावलं. "शिवा, तूच बघ." आणि पहार दोन्ही हातांनी उचलून बेलाच्या बुंध्यापासून वीतभर अंतरावर घातली. पहिल्याच घावाला ती पंजाभर आत गेली. कोपऱ्यातल्या जमिनीवर घाव घातला असता तर ठिणगी उडाली असती. इथं पहार लोण्यात गेल्यासारखी जात होती. पाचव्या घावाला मूळ लागलं, कट्ट वाजलं. सिद्धम्मांनी डोळे मिटले, पहार जराशी तिरपी केली आणि पुन्हा मारली.

खोलीतून बेलापर्यंत तार पुरेना. जगदेवीची नजर बाळाच्या लंगोटांवर गेली. दोन खिळ्यांना बांधलेली वाळत घालायची तार. तिनं ती ओढून काढली, लंगोट धुळीत पडले. एक टोक पहारीला पिळलं, दुसरं खिडकीतून सेटच्या पाठीमागं, जुनी तार सोडून तिच्या जागी.

सहाला सहा मिनिटं कमी.

तिनं बटण दाबलं. घुर्र. सेटचा दिवा मंदावला. घुर्र, घुर्र. थांबला. आता लाल लागणार म्हणून तिनं डोळे मिटले.

टक्.

डोळे उघडले तर हिरवा होता.

"काका. पेनिसिलीन. पेनिसिलीन देऊ नका. पे-नि-सि-लीन. मागच्या वर्षी ओठ निळे पडले होते तिचे. गोदूच्या बाबांना सांगा, मी तेव्हा लपवलं. चिठ्ठी माझ्याजवळ हाय. ओव्हर."

माइक चावला नाही.

"मिळालं! पेनिसिलीन द्यायचं नाही. बरोबर?" काका जवळजवळ ओरडलेच. "मन्मथराव गेले बघ, चपला इथंच राहिल्या. तू बॅटरी बंद कर. सातला ये."

तो एक तास जगदेवीनं कसा काढला हे तिला पुढं कधी सांगता आलं नाही. बाळाला पाजायला घेतलं, पण दूध उतरेना. उमाबाई घरी गेल्या आणि अर्धी कळशी घेऊन आल्या. "ही मातीत ओतलीस तर बघ," एवढंच म्हणाल्या आणि ठेवून गेल्या. सिद्धम्मा पहारीजवळ बसून बेलाच्या पानांकडं पाहत राहिल्या. मधूनच उठून एक पान चुरून वास घेत, जसं काही झाड गेलं असलं तर वासावरून कळेल.

सातला काका म्हणाले, "दुसरं औषध सुरू केलंय. ताप आहेच. डॉक्टर म्हणतात, सकाळपर्यंत वाट बघायची. आणि मन्मथराव म्हणाले, ते रागावले नाहीत म्हणून सांगा." मग आवाज खाली आणून, "मी सांगतो बाळ, रागावलेत. पण ते नंतर."

सकाळी सातची वेळ ठरली. उजाडताच सिद्धम्मांनी उमाबाईंच्या पाण्यातलं तांब्याभर कोमट करून बाळाला अंग पुसण्यापुरतं न्हाऊ घातलं. जगदेवी सेटसमोर बसली होती. बटण दोनदा निसटलं.

घुर्र. टक्. पहिल्याच फेरीत हिरवा.

"काका?"

खरखर. खूप वेळ नुसती खरखर. मग, "आहे, आहे. दवाखान्यातूनच येतोय मी. ताप पहाटे उतरला. दोन चमचे पाणी प्यायली, आणखी मागत होती. बापाला पहिला प्रश्न काय विचारला माहितीय? बाळाला न्हाऊ घातलं का म्हणे. काय सांगू तिला? ओव्हर."

जगदेवीनं बाहेर पाहिलं. खिडकीतून दिसत होतं, सिद्धम्मा घमेलं घेऊन बेलाकडं निघाल्या होत्या. अर्धं पाणी त्यांनी बुंध्यात ओतलं. मग वाकून, पहारीच्या कडेनं, उरलेलं हळूहळू सोडलं.