मेंढपाळाच्या डोक्यावरचं पॉलिस्टर

शशिधर चिकोड्यांनी इचलकरंजीच्या एका गिरणीत अडतीस वर्षं वीव्हिंग मास्तरकी केली. माणूस निवृत्त झाला तरी त्याची बोटं निवृत्त होत नाहीत, हे ते इंग्लंडातल्या स्लाऊला मुलाकडे, मिलिंदकडे राहायला आल्यावर सगळ्या घराला कळलं. समोर कापड दिसलं की त्यांची चिमूट शिवशिवायची. सोफ्याची खोळ, बसच्या सीटचं आवरण, शेजारच्या मार्जरीबाईंनी वाळत घातलेले टॉवेल, त्यांच्या तावडीतून काही सुटायचं नाही. पहिल्याच पंधरवड्यात त्यांनी शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या हेडटीचरबाईंच्या कोटाची बाही चिमटीत धरली आणि शुद्ध लोकर म्हणून हा कोट दिला असेल तर दुकानदारानं तुम्हाला चक्क फसवलंय, असं त्यांना मोकळेपणानं सांगून टाकलं. शेजारी त्यांची सात वर्षांची नात अन्वी उभी होती. त्या दिवसापासून ती घरी परतताना त्यांच्या दहा पावलं पुढे चालायला लागली.

त्यांची सून, तिचं नाव पूर्वी, या प्रकाराबद्दल शाळेत दोनदा सॉरी म्हणून आली. शशिधररावांना मात्र आपलं काय चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. खोटं कापड हे खोटं कापड. ते दिसल्यावर गप्प बसायचं, तर मग अडतीस वर्षं केलं काय?

दोन हजार सहाचा डिसेंबर उजाडला. अन्वीची शाळा चर्चची. तिथं दर नाताळात येशूच्या जन्माचं नाटक व्हायचं आणि त्यातले मेंढपाळ डोक्याला भांडी पुसायचा टी-टॉवेल बांधायचे. इंग्लंडभर हीच रीत. कोणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. या वर्षी मात्र अन्वीच्या वर्गाच्या मिस पार्कर यांच्या मनात आलं, की नाटकाच्या आधी मुलांना बायबलच्या काळात माणसं रोज काय नेसत आणि पांघरत होती ते कळावं. कापडातलं कोणाला कळत असेल तर शाळेत येऊन वीस मिनिटं बोलावं, अशी चिठ्ठी घरोघर गेली. पूर्वीनं सासऱ्यांचं नाव देऊन टाकलं. तिचा हेतू चांगलाच होता. शिवाय अर्धा दिवस ते घराबाहेर राहिले असते तर तिला ऑफिसचे कॉल शांतपणे घेता आले असते, हेही खरं.

शशिधररावांना आकाश ठेंगणं झालं. चार महिने ते इथे नुसते मिलिंदचे बाबा होते. बायको थोरल्या मुलीच्या बाळंतपणासाठी गावी राहिलेली, बोलायला कोणी नाही, आणि आता एवढ्या परक्या मुलखात कोणीतरी त्यांना कापडाबद्दल विचारत होतं. त्यांनी मार्जरीबाईंकडून जाडजूड बायबल मागून आणलं आणि आठ दिवसांत ते पिंजून काढलं. राजे, लढाया, चमत्कार यांच्यावरून ते सरळ उडी मारून जायचे आणि कापड आलं की थांबायचे. कापड तर पानोपानी होतं. बारा वर्षं आजारी असलेली बाई गर्दीतून हात घालून वस्त्राच्या काठाला शिवत होती. दुःख झालं की माणसं अंगावरचे कपडे टराटरा फाडत होती, आणि हे वाचताना मास्तरांच्या काळजात दर वेळी चर्र व्हायचं. विणणाऱ्याचा विचार नको का कोणी करायला?

जसजसं वाचन पुढे गेलं तसतशी ती माणसं त्यांना ओळखीची वाटायला लागली. त्यांचा झगा म्हणजे आपला पायघोळ अंगरखा. कमरेच्या पट्ट्याच्या घडीत पैसे ठेवायचे, म्हणजे कनवटीलाच लावायचे. कामाला निघताना झग्याचा घोळ वर खोचून घ्यायचा, हा तर सरळसरळ कासोटा. गुरूनं शिष्यांचे पाय धुतले आणि कमरेच्या टॉवेलानं पुसले, तो पंचा. येशू जन्मला तेव्हा आईनं त्याला कापडाच्या पट्ट्यांत गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, तसं आपल्याकडेही तान्ह्या बाळाला बांधतात. आणि लोकर व जवसाचं सूत एकत्र विणलेलं कापड अंगावर घालू नये, असा देवाचा नियमच तिथं लिहिलेला होता. ते वाचून मास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले. भेसळीचं कापड देवालाही चालत नाही, हे त्यांनी मिलिंदला फोन करून ऑफिसात सांगितलं. मिलिंद मीटिंगमध्ये होता.

चौदा पानांच्या नोट्स झाल्या. आदल्या दिवशी शाळेतून आल्यावर अन्वी टोस्ट खाता खाता त्या पानांकडे बघत राहिली. मग तिनं टोस्ट खाली ठेवला.

"आजोबा, उद्या तुम्ही माझा आजोबा नका होऊ."

शशिधररावांना आधी काही उमगेना.

"जस्ट वन डे," ती म्हणाली. "वर्गात कुणाला सांगायचं नाही. माझ्याशी बोलायचं नाही. मिसला मी सांगितलंय, मिस सांगणार नाही."

त्यांना लागलं. फार लागलं. पण पोरगी रडकुंडीला आली होती आणि कोटाच्या बाहीची आठवण तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होती. ते म्हणाले, बरं, शब्द दिला. त्या संध्याकाळी त्यांनी चहासुद्धा दुसऱ्यांदा मागितला नाही, तेव्हा पूर्वीला वाटलं यांना सर्दी होणार.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत हजर झाले ते पूर्ण तयारीनिशी. डोक्याला माकडटोपी, खांद्यावर गावाहून आणलेली काळी घोंगडी, पिशवीत बाळ येशूला गुंडाळायला जुन्या धोतराच्या मऊ पट्ट्या, आणि छातीवर शाळेनं दिलेला 'व्हिजिटर' असा बिल्ला. मिस पार्करनी त्यांची ओळख मिस्टर शशिधर अशी करून दिली. हॉलमध्ये तीस मुलं मांडी घालून बसली होती. नाटकाची तालीम तिथेच चालायची, त्यामुळे पुढे गव्हाण मांडलेली, तिच्यात खराखुरा पेंढा आणि पेंढ्यावर बाळ येशू म्हणून एक उघडी बाहुली. मेंढपाळांच्या डोक्यावर टी-टॉवेल होते. अन्वी तिसऱ्या रांगेतली मेंढपाळ होती. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. तिसरी रांग जणू नव्हतीच, असे ते दुसरीवरून थेट चौथीवर जात होते.

सुरुवात झकास झाली. त्यांनी एका मेंढपाळाला उभं केलं, त्याच्या लांब झग्याचा घोळ पायांतून मागे घेऊन कमरेला खोचला आणि म्हणाले, पळ आता. पोरगं हॉलभर सुसाट पळालं. मग काय, तीसच्या तीस मुलांना कासोटा हवा झाला. मिस पार्करनीही आपला स्कर्ट थोडा खोचून पाहिला आणि लगेच सोडला.

एवढ्यावर थांबले असते तर गोष्ट संपली असती. पण पहिल्या रांगेतल्या एका चुणचुणीत मुलीनं डोक्याला हात लावून विचारलं, की आमचे हे टॉवेल बायबलमधल्यासारखेच आहेत का? मिस पार्कर कौतुकानं हो म्हणाल्या, अगदी तसेच.

शशिधररावांची चिमूट तिच्या टॉवेलाकडे गेली. साठ टक्के पॉलिस्टर, कदाचित पासष्ट. वर टॉवेलावर लाल डबलडेकर बसचं चित्र. बेथलेहेमच्या मेंढपाळाच्या डोक्यावर पॉलिस्टर! देवानं एवढं लिहून ठेवलंय आणि हे लोक देवाच्याच वाढदिवसाला भेसळ नेसतात. त्यांच्यातला नातवंडवाला माणूस बाजूला झाला आणि गिरणीतला मास्तर पुढे आला. गिरणीत कापडाबद्दल शंका आली की वाद घालत नाहीत. धागा काढतात, काडी लावतात. सूत जळलं तर कागदासारखा वास येतो, लोकर जळली तर केसासारखा, आणि पॉलिस्टर वितळून त्याची काळी गोळी होते. कोणीही बघावं आणि खात्री करून घ्यावी. त्यांनी खिशातून काडेपेटी काढली. मागच्या मुलांना एक धागा दिसणार नाही म्हणून टॉवेलाची बोटभर पट्टीच फाडली. मिस पार्करना काही म्हणायला वेळ मिळेपर्यंत काडी ओढून झाली होती.

पट्टी पेटली, वितळली, आणि तिचा एक जळता थेंब गव्हाणीतल्या पेंढ्यात पडला.

इथे मात्र मास्तरांना मानलं पाहिजे. त्यांनी डाव्या हातानं बाहुली उचलली आणि उजव्या हातानं खांद्यावरची घोंगडी पेंढ्यावर टाकून दाबून धरली. लोकर सहजी पेट घेत नाही, हे त्यांना झोपेतही ठाऊक होतं. आग जागच्या जागी विझली. धूर तेवढा वर गेला, आणि वर छताला जे लहानसं पांढरं यंत्र होतं त्यानं सगळी शाळा दणाणून सोडली.

दोन मिनिटांत चारशे मुलं मैदानात रांगेनं उभी होती. डिसेंबरातला वारा, कोट आत राहिलेले, आणि दुसरीचा, म्हणजे अन्वीचा वर्ग तर देवदूतांच्या आणि मेंढपाळांच्या पातळ झग्यांत. मिस पार्कर हजेरी घेत होत्या. शशिधरराव रांगेपासून दूर भिंतीशी एकटे उभे राहिले. चौदा पानं आतच राहिली होती. घोंगडी आणि पिशवी खांद्यावर, काखेत उघडी बाहुली. आपली अब्रू गेली याचं त्यांना फारसं वाटत नव्हतं. आता पोरीला या शाळेत आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल, हा विचार त्यांना सोडेना.

दुसरीतली एक चिमुरडी देवदूत रडायला लागली. तिचे दात वाजत होते. मास्तर पुढे झाले आणि त्यांनी घोंगडी तिच्यावर टाकली. बघता बघता घोंगडीखाली पाच जण शिरले. मग ते हळूच त्यांना सांगायला लागले, कारण सांगितल्याशिवाय राहवेना. गरिबाकडे असं एकच पांघरूण असायचं. दिवसा अंगावर, रात्री अंथरायला-पांघरायला तेच. कर्जापोटी सावकारानं ते गहाण ठेवून घेतलं तरी दिवस मावळायच्या आत परत दिलंच पाहिजे, असा कायदा होता.

"का बरं?" त्यांनी विचारलं.

"थंडी वाजेल ना त्याला," घोंगडीच्या आतून आवाज आला. चौदा पानांत त्यांना हे इतकं सोपं करून लिहिता आलं नव्हतं.

तेवढ्यात बंब आला. हेल्मेट घातलेला धिप्पाड अधिकारी हॉल पाहून बाहेर आला आणि हेडटीचरबाईंनी लांबूनच शशिधररावांकडे बोट दाखवलं. त्यांच्या अंगात तोच कोट होता. अधिकारी जवळ आला. माकडटोपीतून नाक आणि डोळे तेवढे दिसणारा म्हातारा, शाळेचं आवार, खिशात काडेपेटी. काडेपेटी त्यानं मागून घेतली. मग सावकाश विचारलं, की सर, तुमच्याबरोबर इथे कोण आहे? तुमचं कोणी आहे का इथे?

शशिधररावांनी दुसरीच्या रांगेकडे पाहिलं नाही. दिलेला शब्द म्हणजे शब्द.

"कोणी नाही," ते म्हणाले. "मी एकटाच आलोय."

अधिकाऱ्याची भुवई वर गेली. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं आणि वायरलेसकडे हात नेला. मास्तरांनी मिलिंदचं नावसुद्धा घेतलं नाही, कारण आडनावावरून अन्वी कळली असती.

आणि रांगेतून अन्वी बाहेर आली. आगीची घंटा झाल्यावर रांग सोडायची नाही, हा त्या शाळेतला सगळ्यात मोठा नियम. ती तो मोडून, डोक्यावर टी-टॉवेल घेऊन, चारशे मुलांच्या देखत मैदान ओलांडून आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती अधिकाऱ्यासमोर उभी राहिली आणि इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हे एकटे नाहीत. हे माझे आजोबा आहेत. माझ्या डॅडचे डॅड."

अधिकाऱ्यानं वही खाली केली.

"आणि त्यांचं अजून संपलेलं नाही," अन्वीनं आजोबांच्या काखेकडे बोट दाखवलं. "बाळाला अजून काहीच गुंडाळलेलं नाही."

सगळ्यांनी बाहुलीकडे पाहिलं. खरंच, वारा भणाणत होता आणि बाळाच्या अंगावर चिंधी नव्हती. अधिकाऱ्यानं एकवार हेडटीचरबाईंकडे पाहिलं, आपले जाड हातमोजे काढले आणि बाळाचे पाय कुठे धरू, असं विचारलं.

शशिधररावांनी माकडटोपीच्या कडेनं डोळे पुसले. त्यांनी पिशवीतून धोतराची पट्टी काढली, तिचं एक टोक नातीच्या हातात दिलं आणि मराठीत म्हणाले, "ताणून धर हं. सैल सोडलं तर सुटतं."

अन्वीनं दोन्ही हातांनी टोक धरलं. मास्तर दुसऱ्या टोकानं बाळाला गुंडाळत गुंडाळत तिच्यापर्यंत आले.